बोट बांधायची, एवढंच काम

जेट्टीवर नोकरी करणाऱ्या माणसाजवळ दोन गोष्टी साचत जातात. कुजके दोर आणि किस्से. दोर हंगाम संपला की पेटवून देता येतात. किस्से आतच राहतात आणि धुमसतात. मागं मेढ्याच्या डॉक्टरनं माझं बीपी बघितलं आणि विचारलं, "फौजी, पाण्याकाठी राहता, हवा एवढी झकास, मग हे एवढं चढतं कशानं?" मी सांगायला सुरुवात केली, तर बाहेर बसलेले पेशंटसुद्धा आत येऊन उभे राहिले.

म्हणून तुम्हालाही सांगतो.

मी मूळचा म्हसवडकडचा. आमच्या गावात पाणी टँकरनं यायचं. बोट पहिल्यांदा पाहिली ती सैन्यात, नदीवर पूल टाकणाऱ्या तुकडीत. पेन्शनीवर आलो आणि कोयनेच्या बॅकवॉटरला, बामणोलीच्या अलीकडं, एका खाजगी बोट क्लबची जेट्टी सांभाळायला लागलो. मालक अजितशेठ, सांगलीचे जैन, कुपवाडला त्यांचा फॅब्रिकेशनचा कारखाना. बोट चालवायला संपत, इथलाच, जावळीचा, सगळी हयात लाँचवर गेलेली. तिकीट फाडायला आणि लोकांना लाइफ जॅकेट चढवायला वैशाली.

काम तसं सोपं. बोट काठाला येताना तिच्या कडेला फेंडर सोडायचे. फेंडर म्हणजे हवा भरलेले जाड रबरी नळे. बोट आणि जेट्टी यांच्या मध्ये ते राहतात आणि सगळा मार स्वतः खातात. मग पुढचा दोर आणि मागचा दोर जेट्टीवरच्या लोखंडी शिंगांना बांधायचा. झालं. एवढ्याशा कामात माणसं काय काय करतात, ते ऐका.

* * *

अजितशेठनी स्की बोट आणली तो दिवस. स्की बोट म्हणजे जिच्या मागं दोरीला धरून माणूस पाण्यावरून घसरत जातो ती. लालभडक, आरशासारखी चकचकीत. ट्रेलरवरून उतरवली तेव्हा काठावरच्या चहावाल्यानंसुद्धा स्टोव्ह बंद करून हात जोडले.

बरोबर एका खोक्यात नवेकोरे फेंडर होते. मी खोकं फोडायला लागलो, तर शेठ म्हणाले, "फौजी, थांबा. आधी फोटो होऊ देत. नव्या नवरीला कोण रेनकोट घालतं का?"

म्हटलं, ठीक आहे. फोटो चालू झाले. शेठचे झाले, शेठच्या घरच्यांचे झाले, पाहुण्यांचे झाले. दिवस कलायला लागला. शेठ सूर्यास्ताच्या आत जेवणारे. ते जेवायला निघाले आणि जाता जाता सांगून गेले, "अजून एक गाडी यायची आहे सांगलीहून. तोवर हिला काही लावू नका."

मी उभा. बोट जेट्टीला खेटून उभी, मध्ये काही नाही. समोरून तापोळ्याची लाँच गेली. लाँच गेली की तिची लाट थोड्या वेळानं येते, हे इथल्या म्हशींनाही माहीत आहे. मी पायानं बोट लांब धरायला बघितलं, पण लाटेपुढं माणसाचा पाय काय करणार? बोट उचलली गेली आणि जेट्टीच्या लोखंडी अँगलवर अशी घासत खाली आली की आवाज ऐकून शेठनी तिकडं हातातला घास खाली ठेवला.

खरकट्या हातानंच पळत आले. बोटीच्या अंगावर हातभर लांब ओरखडा. शेठ माझ्यावर कडाडले, "तुम्ही इथंच उभे होता ना? मग करत काय होता?"

"वाट बघत होतो."

"कशाची?"

"तुमचं जेवण व्हायची."

चार दिवस शेठ माझ्याशी बोलले नाहीत. नंतर सांगलीहून पार्सल आलं. फेंडरना घालायला लाल कापडाची कव्हरं, बोटीच्या रंगाला मॅचिंग. नवरीला रेनकोट मिळाला, पण शिंप्याकडून शिवून.

* * *

संपतचं आणि माझं भांडण गाठीवरून.

शिंगाला दोर बांधायची रीत आहे. आठच्या आकड्यासारखा दोर फिरवायचा, शेवटी एक उलटा फास टाकायचा. बोट कितीही ओढू दे, सुटत नाही, आणि आपण मोकळं टोक उचललं की लगेच सुटतो. मी हे संपतला करून दाखवलं. त्यानं ते बघितलं, जसं एखाद्या पोरानं काढलेलं चित्र बघावं.

"फौजी, लगीच सुटती म्हंजे ती गाठच न्हवं. ती रांगोळी हाय."

तो आपला बैल बांधतात तशी बांधायचा. गाठीवर गाठ, वर आणखी एक, मग पाय लावून आवळायची. मी ओरडायचो. तो म्हणायचा, "माझ्या गाठीतनं आजवर एक बैल सुटला न्हाई."

"संपत, बैल कधी सोडायचा ते आपण ठरवतो. बोट कधी सोडायची ते पाणी ठरवतं."

"बोलायला ठीक हाय," एवढंच तो म्हणायचा.

एका दुपारी आमच्या दुसऱ्या बोटीमागं बांधलेला, माणसं बसवून ओढायचा केळ्याच्या आकाराचा फुगा उलटला. बाकीचे फुग्याला धरून राहिले, पण कराडची एक बाई वाऱ्यानं बाजूला वाहत निघाली. अंगात जॅकेट होतं, तरंगत होती. पण ती मधल्या खोल पाण्याकडं चालली होती आणि तिच्या ओरडण्याचा आवाज बारीक बारीक होत होता. ओढणाऱ्या बोटीवरचा पोरगा फुग्याच्या माणसांना वर घेण्यात अडकलेला, मोकळी होती ती काठाला बांधलेली स्की बोट. संपतनं उडी मारून इंजिन चालू केलं, मी दोर सोडायला वाकलो.

गाठ सुटेना. दोर भिजून फुगलेला. नखं लावली, नखं तुटली. संपत इंजिन तसंच ठेवून आला, त्यानं दात लावले. काठावर त्या बाईचा नवरा उभा होता आणि आमच्याकडं नुसता बघत होता. त्याचं ते बघणं मला अजून आठवतं. शेवटी वैशाली पळत जाऊन नारळवाल्याचा कोयता घेऊन आली. मी एका घावात दोर तोडला आणि आम्ही निघालो.

बाई मिळाली. धडधाकट होती, घसा तेवढा बसला होता. बोटीत ओढून घेतल्यावर तिनं पहिला प्रश्न विचारला, "एवढा वेळ काय करत होता हो तुमी?"

मी संपतकडं बघितलं. माझ्या हातात कोयता अजून तसाच होता. संपत खाली मान घालून म्हणाला, "ताई, गाठ जरा मजबूत बसली हुती."

त्यानंतर तो माझ्या रीतीनं बांधायला लागला. पण त्या तोडलेल्या दोराची गाठ त्या शिंगावर अजून तशीच आहे. कुणालाच काढता आली नाही. नवीन पाहुणे आले की संपत त्यांना नेऊन दाखवतो आणि म्हणतो, "बघा. आजून सुटली न्हाई."

* * *

वैशालीनं एक बोर्ड रंगवून लावला होता: "बोट आणि जेट्टीच्या मध्ये बोट घालू नये."

लोणंदचे एक निवृत्त गुरुजी आले. नातेवाईक बोटीतून फिरायला गेले होते, हे काठावर थांबलेले. त्यांनी बोर्ड वाचला, पुन्हा वाचला, आणि वैशालीला बोलावून घेतलं.

"बाळ, हे वाक्य सदोष आहे. पहिलं बोट कुठलं आणि दुसरं कुठलं? वाचणाऱ्यानं समजायचं काय?"

वैशाली म्हणाली, "आवं गुर्जी, समजतंय की सगळ्यांना."

"समजतंय म्हणून चुकीचं लिहायचं? हाताचं बोट असं स्पष्ट लिहावं. भाषा म्हणजे..."

त्यांचं भाषेवर चालू राहिलं. तेवढ्यात बोट आली. कडेचा एक फेंडर कुणीतरी पाय ठेवायला अडचण होते म्हणून आत ओढून घेतला होता, आणि गुरुजी बोलता बोलता जेट्टीच्या कडेला टेकून बसले होते, एक हात कडेवरून खाली सोडून. मी दुसऱ्या टोकाला. मी ओरडलो, पण ते व्याकरणात होते. वैशालीच्या हातात ओला दोर होता. तिनं तो उचलला आणि गुरुजींच्या मनगटावर सपकन मारला.

गुरुजींनी हात वर घेतला आणि त्याच जागी बोट येऊन धाडकन आदळली.

वैशालीनं दोर पाठीमागं लपवला. आजवर कुणा गुरुजींवर हात उगारायची वेळ तिच्यावर आली नव्हती. गुरुजींनी मनगट चोळलं, बोटीकडं बघितलं, बोर्डाकडं बघितलं.

"असू दे तसंच," म्हणाले. "आता अर्थ लागला."

* * *

हा मेहुण्याचा. कुणाचा मेहुणा ते सांगत नाही. एवढंच समजा, की तो आला की शेठ स्वतः कुपवाडहून गाडी काढून यायचे.

बोट काठाला येत होती. मेहुणा पुढच्या टोकावर उभा, गॉगल लावून. वारा मागून असल्यानं बोट जरा जोरात येत होती. त्यानं एक पाय बाहेर काढला आणि जेट्टीकडं रोखला. पायानं बोट थांबवणार होता.

मी म्हटलं, "साहेब, पाय आत."

"मी बघतो."

"साहेब, पाय आत घ्या."

"अरे, मी बघतो म्हटलं ना."

त्या बोटीचं वजन किती, वर माणसं किती, आणि त्याच्या पायाचं हाड केवढं? मी दोर टाकला, दोन्ही हात त्याच्या छातीला लावले आणि ढकलून दिला. तो मागं आपल्या दोस्तांच्या अंगावर पडला. बूट पायातून निसटला आणि खाली अडकला, फेंडरच्या पलीकडं, जिथं नुसतं लोखंड होतं तिथं. बोट त्याच्यावर बसली.

मेहुणा उठला. "तू माझ्या अंगाला हात लावलास?"

मी वाकून बूट काढला आणि त्याच्यासमोर धरला. बूट कसला, भाकरी झाली होती. मला वाटलं, आता तरी याला कळेल की यात आत्ता पाय असता. त्यानं बूट हातात घेतला, उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाला, "इम्पोर्टेड होता."

मग फोन झाले. शेठनी मला बाजूला घेतलं. "फौजी, माझी परवान्याची फाईल तिकडंच अडकलेली आहे. माफी मागून टाका." मी म्हटलं, का मागू? शेठ म्हणाले, "माझ्यासाठी."

इतकी वर्षं नोकरी केली, पण एवढा संताप गिळून मी कधी कुणापुढं उभा राहिलो नव्हतो. सावधानमध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "साहेब, माफी असावी. पुढच्या वेळी तुमचा पाय आहे तिथंच राहू देईन."

शेठनी कपाळाला हात लावला. मेहुण्यानं मात्र मान हलवली. "ठीक आहे," म्हणाला. "चूक कबूल केलीस ना? विषय संपला."

* * *

एका उन्हाळ्यात आमचे दोन फेंडर गायब झाले. मी संपतला विचारलं. तो आकाशाकडं बघायला लागला. संपत आकाशाकडं बघायला लागला की समजायचं, याला माहीत आहे.

मी होडी घेऊन काठाकाठानं निघालो. दोन खोरी पलीकडं पाण्यावर लाल काहीतरी तरंगताना दिसलं. शेठची मॅचिंग कव्हरं. जवळ गेलो तर आमचे दोन्ही फेंडर एका पाईपला बांधलेले. पाईप काठावरच्या पाण्याच्या मोटरला जोडलेला, आणि मोटरीजवळ संपतची थोरली बहीण हौसाबाई बसलेली. वरच्या बाजूला वांग्याचे वाफे.

मी तिथूनच ओरडायला सुरुवात केली. चोरी काय, पोलीस काय, तोंडात येईल ते बोललो.

ती हलली नाही. म्हणाली, "फौजी, पाणी हलवू नगा. पाईप खाली बसला तर गाळ वडतो, मोटर जळती."

"आमची बोट आपटून फुटली म्हणजे?"

"फुटंल. दुसरी येईल."

"बाई, ही चोरी आहे."

मग ती उठली. पदर कमरेला खोचला आणि पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं. "तितं आमच्या सासऱ्याचं घर हाय. खाली. धरणात गेलं. घर, जोत्याचा दगड, आंगणातली चिंच, समदं तितंच हाय. तुमची बोट रोज त्याच्यावरनं मागं माणूस बांधून पळती. आमी कवा इचारलं का, कुणाच्या आंगणातनं चाललाय म्हणून?"

मी पाणी न हलवता हळूच होडी वळवली. मोटरीचा आवाज येत होता, आणि वाफ्याकडं पाणी जात होतं.

परत आलो. शेठ म्हणाले, "सापडले का फेंडर?"

"सापडले."

"मग आणले का नाहीत?"

"वापरात आहेत."

मी साताऱ्याच्या गॅरेजमधून ट्रकचे जुने टायर आणले आणि जेट्टीला टांगले. लाल बोटीला काळे टायर अजिबात शोभत नाहीत, असं शेठ आजही म्हणतात.

* * *

आता पुराचं.

कृष्णेला पूर आला आणि सांगलीत पाणी शिरलं. आमच्याकडं पावसाळ्यात बोटी शेडमध्ये झाकून ठेवलेल्या असतात. शेठचा फोन आला. "फौजी, असेल ते घेऊन या." त्यांचा आवाज मी ओळखला नाही. मोठा रस्ता बंद होता. मी आणि संपतनं स्की बोट ट्रेलरवर चढवली, उरलेले फेंडर आणि दोर आत टाकले आणि विट्यावरून फिरून सांगली गाठली.

जिथं रस्ता पाण्यात शिरत होता तिथं बोट उतरवली. मी स्वतः ते सगळे फेंडर एका कडेला बांधले, कारण पुरात जेट्टी नसते, भिंती असतात. आम्ही उभ्या उभ्या चहा घेतला. तेवढ्यात बंटी नावाचा एक कार्यकर्ता आला. पांढरा शर्ट, गळ्यात पक्षाचा पट्टा, हातात फ्लेक्सची गुंडाळी. गल्ल्या त्याला माहीत होत्या, म्हणून शेठनी त्याला आमच्याबरोबर दिला. चहा संपवून येईपर्यंत बोटीच्या त्याच कडेला फ्लेक्स लागला होता. त्याच्या साहेबांचा, हात जोडून हसणारा, भला मोठा चेहरा. मला संताप आला, पण भांडायला वेळ नव्हता. निघालो.

एका गल्लीत पहिल्या मजल्याच्या गॅलरीत एक आजी उभ्या होत्या. आत त्यांचे यजमान अंथरुणाला खिळलेले, एक बाजू लुळी पडलेली. दोघंच. दोन दिवस पाण्याकडं बघत बसलेले.

गल्लीतून पाण्याला भयंकर ओढ होती. संपतनं इंजिनाच्या जोरावर बोट गॅलरीखाली आणली, मी पुढचा दोर गजाला बांधला. आणि बोट भिंतीवर आदळली. तो आवाज मला चांगला माहीत होता. मध्ये काहीही नसल्याचा आवाज होता तो. मी फ्लेक्स वर उचलला. खाली फेंडर नव्हते.

"बंटी, इथले फेंडर कुठं आहेत?"

"काढून ठेवलेत काठावर," तो म्हणाला. "सायबांचं तोंड झाकत हुतं."

मी सैन्यातल्या सगळ्या शिव्या दिल्या, हिंदीतल्या, पंजाबीतल्या, येतील तेवढ्या. बोट पुन्हा आदळली आणि फायबर तडकल्याचा आवाज आला. बंटीनं दोन्ही हातांनी बोटीची कड धरली. आता त्याला समजलं, की बोट फुटली तर तोही त्याच पाण्यात आहे. संपत मागून ओरडला, "फौजी, मला हितं जास्त धरता येनार न्हाई."

आजींनी वरून सगळं बघितलं. त्या आत गेल्या आणि यजमानांच्या शेजारची रिकामी गादी ओढत गॅलरीत आणली. "ही चालेल का रे?" म्हणाल्या आणि माझं उत्तर यायच्या आत खाली सोडली.

गादी चांगली जाड होती. पण पाणी पिऊन ती पार खाली गेली असती. मी सुरी काढून फ्लेक्सचे दोर कापले. बंटीनंच खाली वाकून गादीची गुंडाळी केली, आम्ही दोघांनी तिच्याभोवती फ्लेक्स घट्ट आवळला आणि तो लोळा बोटीच्या कडेला टांगला. बोट पुन्हा भिंतीवर गेली. या वेळी नुसता धप्प आवाज आला.

मग आजोबांना आणलं. मी गॅलरीत चढलो, त्यांना पाठीवर घेतलं. बंटीनं खालून त्यांचे पाय धरले आणि तान्ह्या पोरासारखं त्यांना बोटीत निजवलं. त्याचा पांढरा शर्ट चिखलानं भरला होता आणि तो सारखा म्हणत होता, "आजोबा, झालं. झालं हां."

राहिल्या आजी. कठड्यावरून उतरताना पाय ठेवायला जागा एकच होती, तो लोळा. त्यांनी एक पाय खाली सोडला, वाकून बघितलं आणि पाय परत वर घेतला. साहेबांचा चेहरा नेमका वरच्या बाजूला आला होता, हसरा, जोडलेल्या हातांसकट.

"अरे, माणसाचं तोंड आहे की त्यावर," आजी म्हणाल्या. "पाय कसा देऊ?"

मी काही बोलायच्या आधी बंटीनं हात वर केला आणि त्यांचं पाऊल स्वतःच्या हातानं धरलं.

"द्या आजी," तो म्हणाला. "त्यासाठीच आणलंय."